पत्ता सापडेना, म्हणून अपडेट होईना

शाळेच्या संगणक कक्षात दुसऱ्या रांगेच्या टोकाला असलेल्या मशीनवर मी 'सुडो एपीटी अपडेट' ही आज्ञा दिली (एपीटी म्हणजे उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात सॉफ्टवेअर उतरवून देणारा प्रोग्राम) आणि पडदा ० टक्क्यावर अडकला. दहा-बारा सेकंद काहीच हललं नाही. मग एक ओळ उमटली. पुन्हा तेवढीच शांतता, मग दुसरी ओळ. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'एर', आणि खाली तेच वाक्य: टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग, पुढे उबुंटूच्या सर्व्हरचं नाव. शेजारी उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीने त्याच मशीनवर फायरफॉक्स उघडला आणि म्हणाली, "सर, नेट तर चालू आहे." खरंच चालू होतं. बातम्या, व्हिडिओ, सगळं उघडत होतं.

हे वाक्य दिसलं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, राउटर बंद करून चालू कर. दोन, फॉरमॅट मार. पहिल्याने कधी कधी भागतं. दुसऱ्यात अख्खा दिवस जातो, मुलांनी केलेली कामं पुसली जातात, आणि दोष राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे असेल तर नव्या कोऱ्या मशीनवरही तेच वाक्य पुन्हा समोर येतं. चांगल्या चालत्या मशीन केवळ या एका ओळीमुळे भंगारात निघालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. इंटरनेटवरच्या नावांची सगळी व्यवस्था इंग्रजी अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ एवढ्यावरच उभी राहिलेली आहे. २०१४ पासून '.भारत'ने संपणारी देवनागरी नावं घेता येतात, पण तीसुद्धा आतल्या आत 'एक्सएन' आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत बदलूनच विचारली जातात.

आता मुळाकडे येऊ.

तुमच्या संगणकाला 'आर्काइव्ह डॉट उबुंटू डॉट कॉम' या नावाकडे थेट जाता येत नाही. त्याला आकड्यांचा पत्ता लागतो, आयपी ॲड्रेस. नाव दिलं की पत्ता काढून देणारी व्यवस्था ती डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवा. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागते हे प्रवाशाला ठाऊक नसतं, त्याला फक्त खिडकी कुठे आहे ते ठाऊक असतं. संगणकाचंही तसंच. त्याच्याकडे एका खिडकीचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. या खिडकीला रिझॉल्व्हर म्हणतात. घरी किंवा शाळेत ही खिडकी बहुतेक वेळा राउटरच असतो, १९२.१६८.१.१ अशा कुठल्या तरी पत्त्यावर. राउटर प्रश्न पुढे इंटरनेट कंपनीच्या मोठ्या रिझॉल्व्हरकडे सरकवतो, आणि खरी पायपीट हा मोठा रिझॉल्व्हर करतो. आधी तो मूळ सर्व्हरांकडे जातो. त्यांची ए ते एम अशी १३ नावं आहेत. उबुंटूचा पत्ता त्यांच्याकडे नसतो, पण 'कॉम' कोण सांभाळतं ते ते सांगतात. 'कॉम'वाले उबुंटूच्या स्वतःच्या नेमसर्व्हरकडे, म्हणजे तिथली नावं-पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरकडे, बोट दाखवतात, आणि तिथे अखेर आकडा हाती लागतो. उत्तरासोबत ते किती सेकंद जपून ठेवायचं तेही आलेलं असतं, त्यामुळे पुढच्याला तोच प्रश्न विचारायला इतकं फिरावं लागत नाही. हे सगळं आपली पापणी लवेपर्यंत उरकतं.

खिडकी बंद असली म्हणून गाड्या बंद नसतात, हे इथे नीट ध्यानात घ्या. ज्याला फलाट ठाऊक आहे तो सरळ जाऊन गाडीत बसतो. 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग'चा अर्थ एवढाच, की खिडकीवर विचारलं आणि आतून उत्तर आलं नाही. केबल ठीक असू शकते, वायफाय ठीक असू शकतं, उबुंटूचा सर्व्हरही ठणठणीत असू शकतो.

मग फायरफॉक्स कसा चालत होता? फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्हींत सुरक्षित डीएनएस नावाची सोय असते. ती चालू असली की ब्राउझर सिस्टिमच्या खिडकीकडे फिरकतच नाही. तो एचटीटीपीएसच्या बंद पाकिटातून परस्पर आपल्या ठरलेल्या रिझॉल्व्हरला विचारतो. एपीटी मात्र सिस्टिमने दाखवलेल्या खिडकीवरच उभं राहतं. त्यामुळे 'ब्राउझर चालतोय' यावरून डीएनएस ठीक आहे असं ठरवता येत नाही. त्या मुलीचं म्हणणं बरोबर होतं आणि पडद्यावरचं वाक्यही बरोबर होतं.

हे सगळं आलं कुठून, तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यातला एक अवशेष आजही तुमच्या मशीनमध्ये आहे. १९८३ च्या आधी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या, सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट ती फाइल सांभाळत असे. नवं नाव हवं असेल तर त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची. संगणक वाढत गेले आणि हे आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. १९८७ मध्ये त्याचे सुधारलेले दस्तऐवज आले, आरएफसी १०३४ आणि १०३५, आणि आजची इमारत त्याच पायावर उभी आहे. जुन्या फाइलीची छोटी आवृत्ती मात्र प्रत्येक संगणकात राहिली. लिनक्समध्ये ती इटीसी फोल्डरात 'होस्ट्स' नावाने असते आणि सर्वसाधारणपणे खिडकीवर जाण्याआधी तीच वाचली जाते. कुणी अडचणीच्या दिवशी त्यात उबुंटूच्या सर्व्हरचा आकडा हाताने लिहून ठेवला, तर काम त्या दिवशी भागतं. पुढे सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर गेला की अपडेट बंद पडतं आणि कारण कुणालाच आठवत नाही. हा उपाय करू नका. केलेला असेल तर आज ती ओळ काढून टाका.

आता पडद्यावरची वाक्यं वाचायला शिकू, कारण निम्मं निदान तिथेच होतं. एपीटी लिहिणाऱ्यांनी यात शब्द जपून वापरले आहेत. 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' म्हणजे विचारलं, पण उत्तर मिळालं नाही. 'कुड नॉट रिझॉल्व्ह' म्हणजे उत्तर मिळालं, आणि ते उत्तर असं की या नावाचं काही नाही. दुसरं वाक्य फक्त एखाद्याच नावापुढे येत असेल, तर बहुधा तुम्ही कधीकाळी जोडलेलं एखादं बाहेरचं भांडार (सॉफ्टवेअर जिथून उतरतं तो साठा) बंद पडलेलं असतं किंवा नाव टाइप करताना अक्षर चुकलेलं असतं. सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये जाऊन त्या भांडारापुढची खूण काढा, काम झालं. तिसरं एक वाक्य क्वचित दिसतं: 'समथिंग विकेड हॅपन्ड रिझॉल्व्हिंग'. ते दिसलं की माणसं घाबरतात, व्हायरस समजतात. वरच्या ठरावीक प्रकारांत न बसणारी त्रुटी आली की एपीटी हे वाक्य छापतं आणि पुढे आकडा देतं, बाकी काही नाही.

आणि काही वाक्यांचा डीएनएसशी संबंधच नसतो. '४०४ नॉट फाउंड' आलं तर पत्ता सापडला, सर्व्हर बोलला, फक्त फाइल तिथे नाही. जुन्या, मुदत संपलेल्या उबुंटूवर हे हमखास येतं. 'हॅश सम मिसमॅच' हा फाइल अर्धवट किंवा शिळी उतरल्याचा प्रकार. यांच्यासाठी डीएनएस बदलत बसू नका.

वाक्यासोबत वेळही पाहा. आमच्या मशीनवर प्रत्येक ओळीआधी दहा-बारा सेकंद जात होते. लिनक्सची सर्वसाधारण रीत अशी, की खिडकीवर विचारून ५ सेकंद वाट पाहायची, उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारून आणखी ५ सेकंद थांबायचं. म्हणजे दहा सेकंदांची शांतता हाच पुरावा होता: प्रश्न कुठे तरी दूर जात होता आणि तिकडून परतत नव्हता. हेच वाक्य झटकन, थांबा न घेता आलं असतं, तर संशय मशीनच्या आतच घेतला असता. नेटवर्कच जोडलेलं नाही, किंवा आतली रिझॉल्व्हर सेवा मेली आहे, किंवा खिडकीचा पत्ता लिहिलेली फाइल रिकामी आहे.

आता प्रश्न ज्या वाटेने जातो त्या वाटेने आपणही जायचं आणि कुठे अडतो ते पाहायचं.

पहिली आज्ञा: पिंग, जागा, ८.८.८.८. हा गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरचा पत्ता, २००९ पासून चालू असलेला. आकडाच दिल्यामुळे इथे नाव शोधायचं काम नाही. उत्तरं आली तर गाड्या चालू आहेत. नाही आली तर आधी केबल, वायफाय, राउटरचे दिवे बघा. काही संस्थांत पिंग मुद्दाम बंद ठेवलेला असतो, तेव्हा या एकाच चाचणीवर निकाल देऊ नका.

दुसरी: गेटएंट, जागा, एहोस्ट्स, जागा, सर्व्हरचं नाव. ही आज्ञा फारशी कुणी सांगत नाही आणि मला ती सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण ती नाव शोधताना साधारण एपीटीच्याच वाटेने जाते, होस्ट्स फाइलीसकट. तिने आकडे दिले तर नाव सापडतंय. काहीच न छापता परतली तर दोष पकडला.

तिसरी: एनएसलुकअप आणि नाव. ही होस्ट्स फाइल बाजूला ठेवून थेट खिडकीवर जाते. मग हीच आज्ञा पुन्हा, पण नावानंतर जागा सोडून १.१.१.१ जोडून. तो क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक रिझॉल्व्हर, २०१८ मध्ये सुरू झालेला. अर्थ असा, की नेहमीची खिडकी सोडून या दुसऱ्या खिडकीवर विचार. आमच्या मशीनवर पहिल्या वेळी बराच वेळ थांबून 'नो सर्व्हर्स कुड बी रीच्ड' आलं. दुसऱ्या वेळी एंटर दाबताच पत्त्यांची यादी आली.

इथे चित्र स्वच्छ झालं. गाड्या चालू, दुसरी खिडकी चालू, आपली खिडकी बंद. आता आपली खिडकी आहे तरी कोणती?

त्याचं उत्तर इटीसी फोल्डरातल्या 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' या फाइलीत असतं. या 'रिझॉल्व्ह'च्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई नाही. तो लावून नवीच फाइल तयार करून तासभर डोकं धरून बसलेली माणसं मला माहीत आहेत. उबुंटूवर ही खरी फाइल नसतेच. ती एक दुवा असते, रन फोल्डराखाली सिस्टिमडीच्या (लिनक्सच्या आतल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) रिझॉल्व्ह फोल्डरात 'स्टब रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' नावाची फाइल आहे तिच्याकडे नेणारा. तिच्यात नेमसर्व्हर म्हणून, म्हणजे खिडकी म्हणून, १२७.०.०.५३ हा पत्ता दिसतो. तो बघून पुष्कळांना वाटतं, हाच बिघाड. तसं नाही. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे हीच मशीन. मशीनच्या आत सिस्टिमडी-रिझॉल्व्हड नावाची एक छोटी खिडकी बसलेली आहे, ती प्रश्न घेते आणि राउटरने सांगितलेल्या बाहेरच्या खिडकीकडे देते. तिला बाहेरची कोणती खिडकी सांगितली आहे ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' या आज्ञेने दिसतं.

मी ती आज्ञा दिली. वरच्या ओळींत मोडपुढे 'स्टब' असायला हवं होतं, तिथे 'फॉरेन' लिहिलं होतं. म्हणजे ही फाइल माझी नाही, कुणी बाहेरून आणून ठेवली आहे, असं सिस्टिमडी सांगत होतं. फाइलीचा तपशील दाखवणारी एलएस उणे एल ही आज्ञा देऊन पाहिलं तर दुवा नव्हताच, साधी फाइल होती. आत एकच ओळ, एकच नेमसर्व्हर, आणि तो पत्ता आमच्या आधीच्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरचा. फाइलीवरची तारीख ती जुनी जोडणी बसली त्या आठवड्यातली. कुणीतरी तेव्हा अडलेलं काम भागवायला दुवा मोडून हाताने पत्ता लिहिला होता. कंपन्यांचे रिझॉल्व्हर साधारणपणे आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. जूनमध्ये शाळेने जोडणी बदलली, त्या दिवसापासून ती खिडकी या मशीनसाठी बंद झाली. बाकी मशीन राउटरकडून आपोआप पत्ता घेत होत्या, म्हणून त्या सुरळीत चालल्या.

दुरुस्ती दोन आज्ञांची. पहिलीने दुवा पूर्ववत केला: सुडो, एलएन, उणे एसएफ, मग स्टब फाइलीचा रनपासूनचा पूर्ण मार्ग, मग इटीसीतल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फचा मार्ग. दुसरीने सेवा नव्याने सुरू केली: सुडो, सिस्टिमसीटीएल, रिस्टार्ट, सिस्टिमडी-रिझॉल्व्हड. गेटएंटने लगेच आकडे दिले.

राउटरचीच खिडकी खराब असेल, तर पत्ता बदलायची योग्य जागा ही फाइल नव्हे. डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यातलं दातेरी चाक, आयपीव्ही४ चा टॅब. तिथे डीएनएसपुढचं ऑटोमॅटिक बंद करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ स्वल्पविराम देऊन लिहा, जोडणी बंद-चालू करा. सर्व्हरवर नेटवर्कची मांडणी ठेवणाऱ्या नेटप्लॅनच्या फाइलीत नेमसर्व्हर्सखाली लिहा आणि 'नेटप्लॅन ट्राय' द्या. काही चुकलं आणि तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही, तर ते स्वतःहून जुनी मांडणी परत आणतं. दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला ही सोय जीव वाचवणारी आहे. रिझॉल्व्ह फाइल हाताने लिहून, ती पुसली जाते म्हणून 'चॅटर'ने कुलूप घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. आज भागेल, पण जोडणी बदलली की आमच्या कोपऱ्यातल्या मशीनचं झालं तेच तुमचं होईल, आणि त्या वेळी फाइल बदलताही येणार नाही.

कॉलेज आणि कार्यालयांत वेगळी अडचण असते. तिथे बाहेरच्या डीएनएसकडे जाणारं ५३ क्रमांकाचं दार बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे १.१.१.१ लिहून उलट होतं तेही बंद पडतं. तिथे संस्थेने दिलेलाच पत्ता वापरायचा.

दोष आपल्या मशीनमध्ये की राउटरच्या पलीकडे, हे ठरवायची सगळ्यांत सोपी युक्ती खिशात असते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि तीच आज्ञा द्या. अपडेट झालं तर मशीन निर्दोष आहे, राउटर किंवा इंटरनेट कंपनीकडे मोर्चा वळवा. तक्रार करताना 'नेट चालत नाही' असं सांगू नका. 'पिंग चालतो, तुमचा डीएनएस उत्तर देत नाही, दुसरा लावला की चालतं' असं सांगा. समोरच्याला 'राउटर बंद करून चालू करा' म्हणून फोन ठेवता येत नाही.

आता मला स्वतःला सगळ्यांत अवघड गेलेला प्रकार. पिंगला नाव दिलं तर चालतं, एनएसलुकअप चालतं, एपीटी मात्र अडून बसतं. याचं एक कारण असं, की एपीटी फाइली उतरवताना रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, अधिकारात राहत नाही. सुरक्षेसाठी ते आधी एक खालची रेघ आणि मग एपीटी अशा नावाच्या, फार कमी अधिकार असलेल्या वापरकर्त्याचं रूप घेतं. हाताने तयार केलेल्या रिझॉल्व्ह फाइलीची परवानगी फक्त रूटपुरती राहिली, तर तुम्ही रूट म्हणून केलेल्या सगळ्या चाचण्या पास होतात आणि एपीटीला फाइल वाचताच येत नाही. सुडो सीएचमॉड ६४४ देऊन फाइल सगळ्यांना वाचण्यासाठी खुली केली की प्रश्न मिटतो. म्हणूनच चाचण्या रूटने न करता साध्या वापरकर्त्याने कराव्यात.

डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावाल्यांसाठी आणखी एक. २०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ आलं, त्यात सिस्टिमडी-रिझॉल्व्हड हे वेगळं पॅकेज झालं आणि जुन्या आवृत्तीवरून चढताना ते आपोआप बसत नाही. जे आधी ती सेवा वापरत होते त्यांची अपग्रेड करता करता खिडकीच नाहीशी झाली. दुवा शिल्लक, तो जिकडे नेतो तिकडे काही नाही. पॅकेज बसवावं तर ते उतरवायला नाव शोधावं लागतं, आणि नाव शोधायला तेच पॅकेज हवं. इथे मात्र हाताने फाइल लिहायची, तेवढ्यापुरती: तुटका दुवा काढा, साधी फाइल करा, नेमसर्व्हर १.१.१.१ ही एक ओळ लिहा, एपीटीने सिस्टिमडी-रिझॉल्व्हड बसवा. मग दुवा पुन्हा जागेवर आला का ते डोळ्यांनी पाहा.

जुन्या मशीनवर घड्याळही तपासा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल संपला की मशीन दर वेळी मागच्या कुठल्या तरी वर्षात जागी होते. सुरक्षित जोडण्यांची प्रमाणपत्रं तारखेवर चालतात, डीएनएसच्या उत्तरांवरच्या सह्याही तारखेवर चालतात. ती कडक तपासणी चालू असेल तर चुकीच्या तारखेच्या मशीनला प्रत्येक उत्तर खोटं वाटतं. वेळ दुरुस्त करायला वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधावं लागतं आणि तेही सापडत नाही. एपीटीने 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' म्हटलं की समजायचं, घड्याळ मागे आहे. तारीख हाताने बसवा आणि सेल बदला.

हॉस्टेल, हॉटेल किंवा लॉजच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान येतं ते ठाऊक असेलच. ते भरलं नाही तर तिथला रिझॉल्व्हर प्रत्येक नावाला स्वतःच्याच पानाचा पत्ता देऊ शकतो. एपीटी तिथे जातं, भांडाराची यादी मागतं आणि त्याच्या हाती वेबपान पडतं. मग ते 'नोस्प्लिट' असा शब्द देऊन, हे नेटवर्क लॉगिन मागतंय का, असं विचारतं. ब्राउझर उघडून लॉगिन करा. या निमित्ताने एक भीतीही दूर करतो. खोटा पत्ता मिळाला तर खोटं सॉफ्टवेअर बसेल का? भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते, ती तुमच्या मशीनमध्ये आधीच असलेल्या किल्लीशी जुळली नाही तर एपीटी ती स्वीकारत नाही. खोटा पत्ता तुमचं अपडेट अडवू शकतो, त्यात विष घालणं त्याला इतकं सोपं नाही.

विंडोजवर अपडेट ८००७२ईई७ ने संपणारा क्रमांक दाखवून थांबलं, तर तेही हेच दुखणं: नाव सापडलं नाही. एनएसलुकअप तिथेही तसंच चालतं. 'आयपीकॉन्फिग'पुढे तिरकी रेघ देऊन 'फ्लशडीएनएस' लिहिलं की साठवलेली जुनी उत्तरं पुसली जातात.

शेवटी त्या कोपऱ्यातल्या मशीनकडे परत येतो, कारण मला खरी काळजी वाटली ती तिथे. व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये एपीटीची 'हिस्टरी' नावाची फाइल असते. तिच्यातली शेवटची नोंद जूनच्या पहिल्या आठवड्यातली होती. म्हणजे जोडणी बदलल्यापासून या मशीनला सुरक्षेचं एकही अपडेट मिळालं नव्हतं, आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण ती रोज चालू होत होती आणि ब्राउझर उघडत होता. एपीटीची रीतही याला हातभार लावते. नाव सापडलं नाही तर ते शेवटी एक इशारा देतं, की काही याद्या उतरल्या नाहीत, जुन्याच वापरल्या आहेत, आणि बहुतेक वेळा यशस्वी झाल्यासारखंच संपतं. आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला वाटतं, काम झालं. म्हणून शाळा, ग्रंथालय, दवाखाना अशा ठिकाणी ज्यांच्या हाती मशीन आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, महिन्यातून एकदा प्रत्येक मशीनवर अपडेटची आज्ञा स्वतः देऊन तिच्या शेवटच्या चार ओळी वाचा.

त्या दिवशी अपडेट सुरू झालं तेव्हा शाळा सुटायला अर्धा तास होता. उतरायच्या पॅकेजांची यादी पडद्यावर मावत नव्हती. त्या मुलीने कक्षाच्या नोंदवहीत मशीनचा क्रमांक, तारीख आणि 'रिझॉल्व्ह फाइलीचा दुवा पूर्ववत केला, डीएनएस राउटरकडून' एवढं लिहिलं. फायरफॉक्समधलं सुरक्षित डीएनएस आम्ही चालूच ठेवलं, आणि ते चालू आहे हेही खालच्या ओळीत लिहिलं.